अंतराचा तक्ता

खारघरला, सातव्या मजल्यावर,
मी रात्रपाळीत अंतरं भरते.
एका रकान्यात निघायचं ठिकाण, दुसऱ्यात पोचायचं,
तिसऱ्यात किलोमीटर, सरळ रेषेत,
पाखरानं कुठेही न बसता कापले तर.
चौथ्यात वेळ.
दिल्ली अकराशे अडतीस. मोपा तीनशे एकाहत्तर.
सांताक्रूझ चोवीस,
आणि त्याच्यापुढं आडवी रेघ,
कारण चोवीस किलोमीटर कुणी उडत नाही,
ते वाशीच्या पुलावर बसून काढायचे असतात.

आईची अंतरं निराळी.
उरणची मावशी एका ओहोटीवर.
पनवेलचा बाजार म्हणजे
पाटीतलं पाणी मानेवरून उतरून
चोळी कमरेपर्यंत भिजेतो.
शाळा दोन बोरींपलीकडं.
बाबांचं मिठागर
हाक ऐकू जाईल आणि ओ येणार नाही एवढ्यावर.

निकेश कोचीच्या गोदीत वेल्डर,
तिकडचीच जिन्सी केली त्यानं,
आता मुलगी झाली.
फोनच्या काचेवर आईनं नातीच्या पावलाला बोट लावलं,
मग मला म्हणाली, "कवरा लांब हाय गो?"
मी तोंडपाठ सांगितलं, एक हजार चव्वेचाळीस,
एक तास पन्नास मिनिटं.
तिनं बोटांवर काहीतरी केलं.
"आरदी ओव्हटी पन नाय."
आणि सुपातली सुकट निवडता निवडता,
"पन मोजतान कुठशी?"

हे कुणी विचारत नाही.
मी सांगितलं, प्रत्येक विमानतळाचा एक बिंदू असतो,
साधारण धावपट्टीच्या मधोमध.
तिथं दगड नाही, खूण नाही,
पण दिल्ली, दोहा, कोची, सगळं तिथून मोजायचं.
"मधी म्हंजे?"
नकाशा उघडून दिला.
करड्या पट्ट्यावर तिनं बोट फिरवलं, डोंगर शोधला,
डोंगर नव्हता,
मग खाडीच्या वाकणावरून मागं मागं आली
आणि थांबली.
"हितं जनीचा वटा.
हितं आमी बोंबील सुकवाचो."

मी पडताळलं नाही.
पडताळता आलं असतं,
जुना सातबारा कपाटात आहे, तिच्या लुगड्यांखाली.
त्या रात्री तक्त्यात प्रत्येक ओळीला वास.
दोहा भरताना
जनीकाकूनं वट्यावरचा कावळा हाकलला.

मंगळवारी करंजाड्याच्या बिल्डिंगीतून
रिक्षानं निघालो, वीस मिनिटांत पोचलो.
आई म्हणाली, आपन घराकरंच चाललो का काय.
सुकटीचा डबा बघून काउंटरवरच्या मुलानं नाक मुरडलं नाही,
त्याचं आडनाव भोईर होतं.

विमान सरकायला लागलं.
ही सरकण्याची चौदा मिनिटं
आमच्या तक्त्यात उड्डाणात धरत नाहीत.
आईनं चावणारे नवे सँडल काढले,
काचेला कपाळ लावलं.
"पोशाचा घर. पोशाची बावरी.
हितं वाट वलते, चिखल हाय, सांबाल.
नाग्याची होरी.
शालेची बोर. दुसरी बोर."
बाहेर काँक्रीट, पिवळी रेघ,
वाऱ्यानं फुगलेली कापडी झोळी,
कानांवर डबे लावलेला एक पोरगा हात हलवत.
आईनं त्याला ओळखल्यासारखा हात केला.
मग विमान वळलं, उभं राहिलं,
आणि ती म्हणाली, "जनी, हायस का गो घरान?"
मला नाही.

चाकं सुटली तेव्हा ती झोपली होती,
अनवाणी पाय खाली टेकलेले.
एक हजार चव्वेचाळीस किलोमीटर मी एकटीनं पाहिले.
ढग होते, जरा वेळ समुद्र,
पाण्याची बाटली साठ रुपये.

कोचीला जिन्यावरून उतरताना तिनं एकच विचारलं,
"येताना पन तितंच उतरवतीन ना?"
मी म्हटलं, हो.
वारा समोरून असला
तर पाच मिनिटं जास्त.